ऑपरेशनची तारीख ठरली? आधी रजेचा कागद करून घ्या

यवतमाळच्या बाजारपेठेत आमच्या परिचयाचे एक कटिंग मास्तर आहेत. दुसऱ्याच्या दुकानात त्यांनी चौदा वर्षे कात्री चालविली. हर्नियाचा त्रास होता. डॉक्टरांनी दोन महिने आधीच ऑपरेशन करावे लागेल असे सांगून ठेवले होते. तारीख ठरली तेव्हा संध्याकाळी दुकान बंद होता होता मास्तर म्हणाले, ''सेठ, जरा ऑपरेशन करून येतो.'' सेठ म्हणाले, ''जा मास्तर, तब्येतीला जपा, दुकानाची काळजी करू नका.'' बोलणे एवढेच झाले. सव्वा महिन्याने मास्तर परत आले तेव्हा त्यांच्या टेबलावर दुसरा मास्तर उभा होता.

यात सेठ दुष्ट होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचा समज असा की मास्तर दहा-पंधरा दिवसांत परततील. ते आले नाहीत, निरोपही आला नाही, आणि लग्नसराईचे कपडे अंगावर पडले. नवा माणूस शोधला तर तो म्हणाला, कायमचे काम असेल तरच येतो. इकडे मास्तरांचा समज असा की सेठनी ''काळजी करू नका'' म्हटले म्हणजे जागा आपलीच आहे. दोघेही आपापल्या जागी खरे. पण किती दिवसांची रजा, पगार मिळणार की नाही, आणि परत कोणत्या कामावर यायचे, या तीन गोष्टी कोणी बोललेच नव्हते. शेवटी मास्तरांना त्याच दुकानात नगावर काम मिळाले. महिन्याचा बांधलेला पगार गेला तो गेलाच.

आमच्या वाचकांत मालकही आहेत आणि कारागीरही. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी समजावून सांगण्याचा विचार आम्ही केला आहे.

अचानकचे दुखणे आणि ठरलेले ऑपरेशन

अपघात किंवा हृदयविकाराचा झटका वेळ देत नाही. परंतु हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातील खडे, मोतीबिंदू, गर्भाशयाचे विकार, गुडघ्याचा सांधा बदलणे अशी पुष्कळ ऑपरेशने आठवडे किंवा महिने आधी ठरतात. डॉक्टर तारीख देतात, तपासण्या होतात, घरात पैशाची जुळवाजुळव होते. या सगळ्या तयारीत मागे राहते ती एकच गोष्ट, नोकरीची. रजेचा विचार माणूस दवाखान्याच्या खाटेवर पडल्यानंतर करू लागतो आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आधी मिळालेला हा वेळ फार उपयोगाचा आहे. त्यात रजा साठविता येते, तारीख मागेपुढे करता येते, बदली माणूस तयार करता येतो आणि मालकाकडून मंजुरी लेखी घेता येते. डॉक्टरांनी ''थांबायला हरकत नाही'' असे स्पष्ट सांगितले असेल तरच तारीख पुढे ढकलावी. त्यांनी ''थांबू नका'' म्हटले असेल तर हंगाम पाहत बसू नये. पुढे ढकललेला हर्निया अडकला तर तेच ऑपरेशन रात्री-बेरात्री, दुप्पट धोक्याने करावे लागते.

थांबण्यास परवानगी असेल तर आपल्या धंद्याचा हंगाम अवश्य पाहावा. शिंपीकाम करणाऱ्याला रमजानचा महिना, लग्नसराई आणि शाळा उघडतानाचे दिवस सोडता येणार नाहीत. जिनिंगमधील फिटरला कापूस येऊ लागल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत उसंत नसते. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजला पेरणीपूर्वीचे दिवस महत्त्वाचे. मंदीच्या दिवसांत मागितलेली रजा मालक सहज देतो; हंगामात मागितली तर त्याच्याही गळ्याशी येते.

कायद्याने कोणाला किती रजा

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे ''ऑपरेशनची रजा'' या नावाचा, सर्व नोकरदारांना सारखा लागू होणारा कायदा नाही. कोणती रजा मिळेल हे आपण कोठे काम करतो आणि तेथे किती माणसे आहेत यावर ठरते.

दुकाने, हॉटेले, शोरूम, गोदामे यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. तो १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार कामगाराला वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. ती त्या वर्षातच वापरावी लागते, नाहीतर जाते. याशिवाय वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस याप्रमाणे पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठविता येते.

याचा हिशेब करून पाहा. वर्षाला ३०० दिवस काम करणाऱ्यास १५ दिवस रजा होते. तीन वर्षे ती खर्च केली नाही तर ४५ दिवस जमतात. त्यात चालू वर्षाची किरकोळ रजा शिल्लक असेल तर तिची भर. म्हणजे सहा आठवड्यांची विश्रांती पूर्ण पगारात भागू शकते. ज्याला पुढे-मागे ऑपरेशन करावे लागणार आहे हे ठाऊक आहे, त्याने लहानसहान कारणांसाठी ही रजा मोडू नये. वर्षाच्या शेवटी शिल्लक रजेचा आकडा मालकाकडून किंवा मुनीमजींकडून लिहून घ्यावा.

मात्र हा कायदा आला तेव्हा १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० कामगारांवर नेण्याचा निर्णय घेतला. आपल्या यवतमाळ, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, वणी येथील किती दुकानांत २० माणसे कामाला असतात? दोन, तीन, फार तर पाच. तेव्हा आपल्या बहुसंख्य कारागीर बांधवांना रजेच्या या कलमांचा आधार नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

कारखान्यांचा कायदा वेगळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांतील व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत वार्षिक पगारी रजेसाठी वर्षातील कामाची अट १८० दिवस केलेली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ती २४० दिवस होती. रजेचा दर दर २० दिवसांमागे १ दिवस हाच आहे. त्याच संहितेने कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ज्यांच्या हाती असे पत्र नाही त्यांनी ते ऑपरेशनच्या आधी मागून घ्यावे. आपण नोकर होतो हेच सिद्ध करता आले नाही तर रजेचा प्रश्नच उरत नाही.

ईएसआय असेल तर

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे लोक ज्याला ईएसआय म्हणतात, ही योजना ज्या आस्थापनेला लागू आहे तेथील कामगाराची स्थिती पुष्कळ बरी. १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार तिच्यात आले. १ जुलै २०१९ पासून वर्गणी कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के आहे.

या योजनेत औषधोपचाराबरोबर आजारपणाचा भत्ता मिळतो. तो सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के असतो आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही. समजा, एखाद्याचे वेतन महिना १५,००० रुपये आहे. रोजचे ५०० झाले. त्याचे ७० टक्के ३५० रुपये. ३० दिवसांच्या विश्रांतीत पहिले दोन दिवस वगळून २८ दिवसांचे ९,८०० रुपये होतात. पूर्ण पगार नव्हे, पण चूल बंद पडणार नाही.

अट अशी की वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जूनमध्ये भत्ता मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढील जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे फेब्रुवारीत ऑपरेशन करणाऱ्याने आधीच्या एप्रिल-सप्टेंबरमधील आपले दिवस मोजावेत. तेथे ७८ भरत नसतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जुलैची तारीख घेतल्याने भत्ता मिळू शकतो का हे पाहता येते. नव्याने नोकरीस लागलेल्याचा भत्त्याचा पहिला काळ नऊ महिन्यांनंतर सुरू होतो.

नोकरीच्या संरक्षणाबद्दल १९४८ च्या विमा कायद्याचे कलम ७३ स्पष्ट होते. आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला त्या काळात काढता येत नाही, आणि तशी नोटीस दिली तरी ती निरर्थक ठरते, असे त्यात म्हटले होते. २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. म्हणून वाद उद्भवल्यास जुन्या कलमाचा आकडा घोकत बसू नये. विम्याच्या डॉक्टरांचे दाखले तारखेप्रमाणे लावून शाखा कार्यालयात आणि सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे जावे. दाखल्यात एका दिवसाचीही फट राहू देऊ नये.

आपल्या जिल्ह्यातील कामगारांसाठी येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. ईएसआय हंगामी कारखान्यांना लागू होत नाही. आणि केवळ कापसाचे जिनिंग व प्रेसिंग करणारे कारखाने कायद्याने हंगामी धरले आहेत. यवतमाळ कापसाचा जिल्हा. येथील जिनिंगमध्ये राबणाऱ्या अनेकांना ईएसआयचे कार्डच नसते, त्याचे कारण हे. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या बारमाही कारखान्यातील शेजाऱ्याला जो भत्ता मिळतो, तो आपल्यालाही मिळेल असे गृहीत धरून ऑपरेशन ठरवू नये. आधी विचारून घ्यावे.

भगिनींसाठी

दुकानांत, शाळांत, दवाखान्यांत काम करणाऱ्या भगिनींना प्रसूतीच्या रजेचा हक्क आहे. प्रसूती ऑपरेशनने झाली तरी तोच. दोन मुलांपर्यंत ही रजा २६ आठवडे, त्यापुढे १२ आठवडे. गर्भपात झाल्यास ६ आठवडे आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननंतर २ आठवडे पगारी रजा मिळते. प्रसूतीच्या रजेवर असताना बाईला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. ही तरतूद १९६१ च्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही ती आहे. दुकानांच्या बाबतीत १० किंवा अधिक माणसे असावी लागतात. गर्भाशयाच्या इतर ऑपरेशनांना मात्र हा आधार नाही. तेथे साठविलेली रजा किंवा ईएसआय हाच मार्ग.

आठ दिवसांचा नियम

मोठ्या कारखान्यांच्या स्थायी आदेशांत एक नियम हमखास असतो. मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत कामगार परतला नाही आणि समाधानकारक कारण दिले नाही, तर जागेवरील त्याचा हक्क जातो. पुष्कळांची नोकरी या नियमाने गेली आहे. डॉक्टरांनी विश्रांती वाढविली, घरच्यांनी कळविले नाही, आणि तिकडे नाव पटावरून उतरले.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा एक निकाल आहे, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. यादव हे आठ दिवसांहून अधिक गैरहजर राहिले म्हणून कंपनीने स्थायी आदेशाचा आधार घेऊन त्यांची नोकरी आपोआप संपल्याचे कळविले. यादव यांचे म्हणणे होते की त्यांना फाटकावरच अडविले गेले. न्यायालयाने सांगितले की कामगाराला त्याचे म्हणणे मांडण्याची संधी आणि चौकशी, यांशिवाय असे नाव कमी करता येत नाही. कारण नोकरी जाणे म्हणजे उपजीविका जाणे. त्यांना निम्म्या मागील पगारासह परत घेण्याचा आदेश झाला.

पण हे प्रकरण घडले डिसेंबर १९८० मध्ये आणि निकाल लागला मे १९९३ मध्ये. बारा वर्षांहून अधिक काळ गेला. कायदा आपल्या बाजूने असणे चांगलेच. पण रजा वाढविण्याचा दोन ओळींचा अर्ज वेळेवर पोचविणे त्याहून सोपे आहे.

आणखी एक बारकावा. सततच्या अनारोग्यामुळे कामगाराची नोकरी संपविली तर ती कायद्याच्या दृष्टीने कामगारकपात ठरत नाही आणि कपातीची भरपाई मागता येत नाही. म्हणून आपल्या कागदांवर ''आजारी आहे'' एवढेच मोघम लिहिलेले असू नये. अमुक ऑपरेशन, अमुक दिवसांची विश्रांती आणि त्यानंतर कामास योग्य, असा शेवट असलेला दाखला असावा.

लहान दुकानात कागद हाच आधार

आता ज्यांना वरील कायद्यांपैकी फारसे काही लागू होत नाही, अशा लहान दुकानांतील कारागिरांकडे येऊ. येथे मालक आणि कारागीर रोज एका डब्यात जेवतात, एकमेकांच्या लग्नकार्यात उभे राहतात. अशा ठिकाणी लेखी मागितले तर सेठना अविश्वास वाटेल, अशी अनेकांना भीती असते. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. जेथे संबंध चांगले असतात तेथेच लिहून ठेवणे सोपे असते आणि संबंध टिकविण्यासाठी ते लागते. आपण उधारीची वही ठेवतो ती गिऱ्हाईक चोर आहे म्हणून नव्हे. महिन्याने दोघांच्या आठवणीत फरक पडतो म्हणून.

अर्ज करण्यापूर्वी डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घ्यावी. तीत ऑपरेशनचे नाव, अंदाजे तारीख, दवाखान्यात राहण्याचे दिवस, घरी विश्रांतीचे दिवस आणि परतल्यावर कोणते काम करू नये, हे असावे. शेवटचा मुद्दा कारागिरासाठी सर्वांत महत्त्वाचा. गल्ल्यावर बसणारा माणूस ज्या दिवशी कामावर येऊ शकतो, त्या दिवशी गोणी उचलणारा हमाल येऊ शकत नाही. हर्नियाच्या ऑपरेशननंतर जड उचलण्यास काही आठवडे मनाई असते. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यांना धूळ आणि पाणी लागू द्यायचे नसते; मग पिंजारी, सुतार किंवा वेल्डर यांनी काय करायचे? म्हणून डॉक्टरांना आपला धंदा नीट सांगावा. ''दुकानात काम करतो'' एवढे सांगून भागत नाही. दिवसभर उभा असतो, वजन उचलतो, पायाने मशीन चालवितो, भट्टीजवळ बसतो, असे सांगावे.

दिवस मोजताना तपासणीच्या फेऱ्या धराव्यात. आपल्याकडील रुग्ण यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात, तसेच सावंगी, सेवाग्राम आणि नागपूरलाही जातात. टाके काढणे, पुन्हा दाखविणे यांत दिवस मोडतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांत एक आठवडा जास्त धरून रजा मागावी. लवकर परतलो तर सेठ खूशच होतील; उशिरा परतलो तर मन कलुषित होते.

अर्ज साधा असावा. नमुना असा:

''माननीय मालक साहेब, यांस सविनय सादर. मी आपल्या दुकानात अमुक वर्षापासून कटिंगचे काम करीत आहे. डॉक्टरांनी मला हर्नियाचे ऑपरेशन सांगितले असून ते अमुक तारखेस ठरले आहे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तरी मला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत एकूण ४२ दिवसांची रजा मंजूर करावी. पैकी १५ दिवस शिल्लक पगारी रजेतून आणि उरलेले बिनपगारी धरावेत. रजा संपल्यावर मी माझ्या पूर्वीच्याच कामावर व पगारावर हजर होईन. विश्रांती वाढल्यास रजा संपण्यापूर्वी कळवीन. माझ्या गैरहजेरीत हाती असलेले काम कोणाकडे सोपविले याची यादी मागे दिली आहे. आपला, सही, तारीख.''

याच्या दोन प्रती कराव्यात. एका प्रतीवर मालकाने ''रजा मंजूर, परतल्यावर त्याच कामावर घेण्यात येईल'' असे लिहून सही, तारीख आणि असल्यास दुकानाचा शिक्का द्यावा. ती प्रत कारागिराने घरी ठेवावी. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यावे आणि स्वतः अंगठा करावा. हल्ली मोबाईलवर निरोप पाठविण्याची सोय आहे. अर्जाचा फोटो मालकाला पाठवून त्यांचे ''ठीक आहे'' एवढे उत्तर आले तरी ते पुसू नये. मोठ्या कंपनीत कोणी पोच देत नसेल तर अर्ज टपालाने रजिस्टर करून पोचपावतीसह पाठवावा.

किती आधी द्यावा? शक्य तर महिनाभर आधी. मालकाला बदली माणूस शोधायला आणि त्याला हात बसवायला तेवढा वेळ लागतोच.

मालक बांधवांस

चांगला कारागीर घडायला वर्षे लागतात. त्याला गिऱ्हाइकांची मापे, आवडीनिवडी पाठ असतात. सहा आठवड्यांच्या अडचणीपायी असा माणूस गमावणे हा तोट्याचा सौदा आहे. मग करावे काय? बदली माणूस घेताना त्याला पहिल्याच दिवशी लेखी सांगावे की हे काम अमुक तारखेपर्यंतचे आहे. मग त्याचाही गैरसमज होत नाही आणि आपणही अडकत नाही. ऑपरेशनच्या आधी चार-सहा दिवस दोघांना बरोबर बसवावे.

पूर्ण पगार देणे झेपत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. कोणी निम्मा पगार देतो, कोणी उचल देऊन पुढे हप्त्याने कापतो. उचल दिली असेल तर रक्कम आणि हप्ता त्याच कागदावर लिहावा. परतल्यावर पहिले काही आठवडे हलके काम द्यावे: माप घेणे, काज-बटन, हिशेब, गिऱ्हाईक पाहणे. अर्ध्या ताकदीने आलेला माणूसही दुकानाला उपयोगी असतो, आणि लवकर वजन उचलायला लावून टाका सुटला तर पुन्हा दोन महिन्यांची रजा द्यावी लागते.

ज्यांचा मालक कोणी नाही

स्वतःचे गॅरेज, सलून किंवा फर्निचरचे दुकान असणाऱ्यास रजा कोण देणार? त्याची नोकरी म्हणजे त्याची गिऱ्हाइके. त्यांच्याकडूनच रजा घ्यावी. तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी नवे काम घेणे थांबवावे, घेतलेले पुरे करून द्यावे, आणि दुकान कोणत्या तारखेला उघडेल हे दारावर ठळक लिहावे. नुसते कुलूप पाहून गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. तारीख वाचून तो थांबतो. तातडीचे काम एखाद्या विश्वासू हमपेशा भावाकडे सोपवावे आणि मजुरीची वाटणी आधी बोलून घ्यावी. बँकेचा हप्ता, भिशीची पाळी, दुकानाचे भाडे यांबद्दल आधीच बोलावे. हप्ता थकल्यानंतर गेलेल्या माणसाचे बँकेत कोणी ऐकत नाही. आधी गेलेल्याचे निदान ऐकून घेतात.

गवंडी, रंगारी, फरशी बसविणारे अशा बांधवांनी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केली आहे का, हे पाहावे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला त्यासाठी लागतो. मंडळाच्या वैद्यकीय मदतीच्या योजना नोंदणी चालू असणाऱ्यांसाठीच असतात. दवाखान्यात गेल्यावर नोंदणीचा उपयोग नाही.

ऑपरेशनच्या खर्चाचा कागदही आधीच

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचाराची सोय आहे. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. ठरलेल्या ऑपरेशनसाठी तिच्यात पूर्वमंजुरी घ्यावी लागते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. शिधापत्रिका, ओळखपत्र आणि तपासण्यांचे कागद घेऊन त्यांना भेटावे. आपले ऑपरेशन यादीत आहे का आणि ते खासगी रुग्णालयात होईल की सरकारीतच, हे प्रथम विचारावे. काही ऑपरेशने सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. मंजुरी यायची असताना रजा सुरू करून घरी बसू नये. मंजुरी आणि तारीख हाती आली की मग रजेची तारीख पक्की करावी.

शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव जुळत नाही, ही आपल्या समाजातील नेहमीची अडचण. कोठे शेख पुढे, कोठे मागे. कोठे वडिलांचे नाव आहे, कोठे नाही. ही दुरुस्ती ऑपरेशन ठरण्याची वाट न पाहता आजच करून घ्यावी.

परतताना

दवाखान्यातून निघताना डिस्चार्ज कार्ड घ्यावे, आणि कामावर जाण्यापूर्वी डॉक्टरांकडून कामास योग्य असल्याचा दाखला. या दोन्हींची प्रत मालकाला देऊन हजेरीपटावर त्या दिवशीची सही करावी. परत घेण्यास नकार मिळालाच तर भांडण करून निघून जाऊ नये. रागाने निघून गेलेल्या माणसाबद्दल ''तो स्वतःच सोडून गेला'' असे सांगणे सोपे असते. हजर होण्यास आलो होतो असे त्याच दिवशी लेखी कळवावे आणि यवतमाळ येथील सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्जाची व मंजुरीची प्रत दाखवावी.

सुरुवातीला ज्या मास्तरांविषयी लिहिले, त्यांना आम्ही हा मजकूर छापण्यापूर्वी वाचून दाखविला. ते म्हणाले, ''भाई, सेठ त्या दिवशी सही द्यायला तयारच होते. मीच मागितली नाही.'' त्यांच्या पत्नीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आता ठरले आहे. त्या एका शाळेत स्वयंपाकाचे काम करतात. या वेळी अर्ज मास्तरांनी स्वतः लिहिला आणि पोच घेऊनच ते घरी आले.